जुन्या जनगणनेत पणजोबांचे नाव सापडेल का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा 1905 च्या सुमारास राजापूरकडून मुंबईत आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. आजोबांचा जन्म 1920 नंतर केव्हातरी झाला, पण गावाचे नेमके नाव आज घरात कोणी खात्रीने सांगू शकत नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका नातेवाइकाने तिथल्या 1921 च्या जनगणनेची पाने घरबसल्या पाहिली, आणि त्याच्या पत्नीच्या पणजोबांचे नाव, वय, धंदा, घरातली सगळी माणसे एका कागदावर मिळाली. तसेच 1911 किंवा 1921 च्या मुंबईच्या जनगणनेतले आपल्या पणजोबांचे पान कुठे मिळेल?

असे पान मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण या एका आशेवर माणसे बराच वेळ आणि पैसा घालवताना मी पाहिली आहेत. इंग्लंडमध्ये घरोघरच्या मूळ अनुसूची, म्हणजे माहिती भरलेले कागद, जपून ठेवल्या गेल्या आणि शंभर वर्षांनी त्या लोकांसाठी खुल्या होतात; 1921 च्या अनुसूची त्याप्रमाणे जानेवारी 2022 मध्ये खुल्या झाल्या. आपल्याकडे व्यवस्था मुळातच वेगळी होती. 1881 पासून 1931 पर्यंतच्या जनगणनांमध्ये गणक आधी घरोघर जाऊन अनुसूची भरत, ठरलेल्या रात्री फिरून त्या पुन्हा तपासत, आणि मग त्या मोजणीच्या कचेरीत जात. 1901 पासून प्रत्येक माणसाची माहिती एका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवून, त्या चिठ्ठ्या खणाखणांत वाटून आकडे काढले जात. तक्ते छापून झाले की अनुसूची आणि चिठ्ठ्या ठेवण्याचे कारण सरकारच्या लेखी संपत असे आणि ते कागद नष्ट केले जात. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांना 1948 चा जनगणना कायदा लागू आहे. त्याच्या कलम 15 नुसार या नोंदी कोणालाही पाहण्यासाठी खुल्या नाहीत आणि सामान्यतः पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

1931 च्या जनगणनेबद्दल वेगळे सांगावे लागते. त्या वर्षी जातवार आकडे पूर्णपणे छापले गेले, म्हणून तिचा उल्लेख सतत होत असतो, आणि त्यावरून अनेकांचा असा समज होतो की त्यात माणसांच्या नावासमोर जात लिहिलेली आहे. छापील खंडांत आहेत ते आकडे : अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके पुरुष आणि इतक्या स्त्रिया. तेव्हा ‘1931 च्या जनगणनेचा तुमच्या घराण्याचा उतारा काढून देतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

याला एकच लक्षात ठेवण्यासारखा अपवाद आहे. 1951 च्या जनगणनेबरोबर, त्याच माहितीवरून, नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले आणि त्यात घरवार नावे लिहिली गेली. ते सगळीकडे टिकलेले नाही. तरी काही तहसील कार्यालयांच्या दप्तरांत ते आजही आहे, आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात तपासायच्या महसुली कागदांत त्याचा समावेश होता. गावाचे नाव ठरल्यावर तहसीलच्या अभिलेख कक्षात याची चौकशी जरूर करावी, मात्र ते मिळेलच असे गृहीत धरून पुढचे काम अडवून ठेवू नये.

मग जुन्या जनगणनेचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग मोठा आहे, आणि तो पणजोबांच्या पिढीतली मुंबई कशी वसली होती हे समजून घेण्यात आहे, कारण नाव कोणत्या दप्तरात असू शकेल हे त्यावरूनच ठरते. मुंबई शहरासाठी 1901 आणि 1911 मध्ये स्वतंत्र खंड निघाले, तर 1921 आणि 1931 मध्ये मुंबई इलाख्यातल्या शहरांचा वेगळा खंड निघाला. हे खंड जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि मोठ्या जुन्या ग्रंथालयांतही ते असतात. त्यांतला जन्मस्थानाचा तक्ता आधी उघडावा. 1911 मध्ये मुंबईत राहणाऱ्यांपैकी मुंबईतच जन्मलेले लोक पाचांत एकाहूनही किंचित कमी होते, आणि 1921 मध्ये ते प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास उतरले. बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा गट सर्वांत मोठा होता. त्याच खंडांत स्त्री-पुरुषांचे प्रमाण पाहिले तर 1921 मध्ये हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास दिसतात. याचा सरळ अर्थ असा की गिरणीत राबणाऱ्या पुरुषांपैकी फार मोठ्या संख्येने पुरुषांची बायकामुले गावी होती. पुरुष गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून राहत, खाणावळीत जेवत, शिमग्याला किंवा गणपतीला गावी जात, आणि बाळंतपणे गावच्या घरात होत.

तुमच्या शोधाची दिशा इथे ठरते. आजोबांचा जन्म मुंबई महापालिकेच्या नोंदवहीत शोधण्याआधी तो गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधायला हवा. पणजोबांची सही किंवा अंगठा मुंबईतल्या एखाद्या कागदावर मिळेलही, पण पणजीचे नाव, आजोबांच्या भावंडांची नावे आणि पणजोबांच्या वडिलांचे नाव ही सगळी गावाकडच्या दप्तरांत असण्याचा संभव कितीतरी अधिक आहे.

गाव ठरवण्याचे काम मात्र मुंबईतच होते, आणि ते घाईने करू नये. ‘राजापूरकडचे’ म्हणजे राजापूर तालुक्यातलेच, असे धरून चालू नये. मुंबईत आलेला माणूस आपल्या भागाची ओळख सांगताना जवळच्या मोठ्या बाजारपेठेचे किंवा बंदराचे नाव सांगत असे. जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या आहेत. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, तर सावंतवाडी हे त्या काळी स्वतंत्र संस्थान होते आणि त्याचे आकडे रत्नागिरीत धरलेले नसत. मुंबईतही हीच काळजी घ्यावी लागते. वांद्रे, अंधेरी, कुर्ला हे भाग 1911 च्या जनगणनेत मुंबई शहरात नाहीत, ते ठाणे जिल्ह्यात आहेत. मुंबई उपनगर जिल्हा 1920 मध्ये झाला आणि शहराची हद्द 1950 व 1957 मध्ये वाढली. नातेवाईक कुर्ल्याच्या गिरणीत असल्यास शहराच्या खंडातले आकडे त्याच्या वस्तीला लागू पडत नाहीत.

गाव शोधण्यासाठी गिरणगावातली ग्रामस्थ मंडळे हे सर्वांत भरवशाचे आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे, असे माझे ठाम मत आहे. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी या भागांत कोकणातल्या अनेक गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या आणि काही आजही आहेत. या मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत सभासदाचे नाव, वाडी, आणि कधीकधी तो कोणत्या गिरणीत आहे हेही लिहिलेले असते. चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या घरी चौकशी करून पणजोबांच्या खोलीत आणखी कोणत्या गावचे लोक राहत होते हे कळले, तरी शोध दोन-चार गावांपर्यंत येऊन ठेपतो, कारण खोली बहुधा एकाच गावाच्या किंवा शेजारच्या गावांच्या माणसांची असे. घराण्याचे कुलदैवत, गावच्या देवळातला मान, शिमग्याच्या पालखीचा क्रम या गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचाराव्यात. पुरुषांना गावाचे नाव आठवत नसले तरी ओटी कोणत्या देवीची भरायची हे आजीच्या पिढीला पक्के माहीत असते, आणि त्या देवीच्या देवळावरून गाव निश्चित झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

आडनावावर फार विसंबू नये. त्या काळच्या गावच्या नोंदींत आडनाव बहुतेक वेळा नसतेच. मुंबईत गिरणीच्या हजेरीपटावर किंवा शाळेत नाव घालताना आडनाव लागले, आणि एकाच घरातल्या दोन भावांनी दोन वेगळी आडनावे लावली, अशी उदाहरणे कोकणात विरळ नाहीत. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून झालेले आडनाव असेल तर ते मदतीला येते, पण तेही मूळ गावाचे आहे की मध्ये काही पिढ्या राहिलेल्या गावाचे, हे तपासावे लागते.

गाव ठरल्यावर पहिला कागद म्हणजे गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. ही गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जमा असतात आणि त्यांची नक्कल अर्ज करून मिळते. यातली नोंद कशी दिसते ते जवळून पाहू. समजा एका ओळीत तारीख आहे, मग ‘धोंडू बिन सखाराम’ असे नाव आहे, पुढे जातीच्या रकान्यात एक-दोन अक्षरे आणि टिंब, आणि शेवटी ‘मुलगा’. नवख्या माणसाला वाटते की धोंडू नावाचे मूल जन्मले. पण जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव अनेकदा नसतेच, कारण नोंद बारशाच्या आधी होत असे. तिथे धोंडू हा मुलाचा बाप आहे आणि सखाराम हा आजा आहे. म्हणजे तुमच्या आजोबांच्या जन्माच्या एका ओळीत आजोबांचे नाव मिळणार नाही, पण पणजोबा आणि खापरपणजोबा हे दोघे मिळतील. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘भागी कोम राघो’ अशी मृत्यूची नोंद आली तर भागी ही राघोची पत्नी. पणजीचे नाव कळण्याची बहुधा हीच एक जागा असते, म्हणून मृत्यूची पाने जन्माच्या पानांइतकीच बारकाईने वाचावीत. जातीच्या रकान्यातल्या संक्षिप्त अक्षराचा अर्थ एका ओळीवरून लावू नये. त्याच लेखकाने मागच्या-पुढच्या पानांवर तीच जात कुठे पूर्ण लिहिली आहे का ते पाहावे, आणि मगच ठरवावे.

मृत्यूच्या कारणाचा रकाना त्रोटक असतो. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत असंख्य माणसे गेली, पण गावच्या वहीत नुसते ‘ताप’ असे लिहिलेले आढळते. घरातली कोणी व्यक्ती 1911 नंतर होती आणि 1921 नंतर तिचा कुठेच मागमूस नसेल, तर 1918 च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंतची पाने आधी पाहावीत.

ही पुस्तके मोडी लिपीत असण्याची बरीच शक्यता आहे. मोडी शिकणे आवाक्यातले आहे. मुंबईत काळा घोडा येथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात, आणि ज्यांना वेळ नाही त्यांना मोडी वाचक मिळू शकतात. तरीही घरातल्या एका तरी माणसाने मोडी शिकावी असा माझा आग्रह असतो. वाचक तुम्ही सांगितलेले नाव शोधतो. पण त्याच पानावरच्या चुलत घराण्याची नोंद, किंवा ‘सखाराम’चे ‘सखू’ झालेले रूप, हे ज्याचे घराणे आहे त्याच्याच डोळ्यांना दिसते.

दुसरा कागद जमिनीचा. सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण घराण्याच्या शोधासाठी त्याच्यापेक्षा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद (गाव नमुना 6), अधिक बोलका आहे. खातेदार मयत झाल्यावर वारसांची नावे लागतात तो फेरफार पूर्ण वाचावा. त्यात मुलगे, विधवा आणि कधीकधी सासरी गेलेल्या मुलींचीही नावे एकत्र सापडतात. सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव दिसले नाही म्हणून त्यांची जमीन नव्हती असा निष्कर्ष काढू नये. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. गावात राहणाऱ्या थोरल्या भावाचे एकट्याचे नाव कागदावर असते आणि मुंबईत गिरणीत असलेला धाकटा त्या तीन अक्षरांच्या मागे असतो. थोरल्याच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात धाकट्याचे किंवा त्याच्या मुलांचे नाव अनेकदा प्रथमच वर येते. रत्नागिरी जिल्ह्यात खोती, म्हणजे गावचा सारा खोतामार्फत वसूल करण्याची पद्धत, असल्यामुळे तुमचे घराणे खोताचे कूळ असण्याचीही शक्यता आहे. तसे असल्यास खोती रद्द झाल्यानंतरचे, म्हणजे 1950 नंतरचे, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानल्यानंतर, कुळांच्या नावे झालेले फेरफार आवर्जून मागावेत. काही जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. गाव तिथे नसेल तर तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा तहसील कार्यालय हाच मार्ग आहे.

तिसरा कागद शाळेचा. आजोबा गावच्या शाळेत गेले असतील तर तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांचे पूर्ण नाव, जात, जन्मतारीख आणि आधीची शाळा लिहिलेली असेल. मुंबईत आल्यावर ते महापालिकेच्या शाळेत गेले असल्यास तिथल्या नोंदीत ‘जन्मस्थळ’ या रकान्यात गावाचे नाव सापडू शकते, आणि गावच माहीत नसलेल्या तुमच्यासारख्या घराला हा रकाना फार मोलाचा आहे. जन्मतारीख मात्र जशीच्या तशी खरी मानू नये. 1 जून ही तारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली असते, त्यामुळे नमुना 14 शोधताना त्या वर्षाच्या मागची-पुढची तीन-चार वर्षे पाहावी लागतात.

मुंबईतल्या उरलेल्या कागदांबद्दल थोडक्यात. गिरणीचे जुने हजेरीपट क्वचितच मिळतात, आणि 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तसे दप्तरही विखुरले. घरातल्या ट्रंकेत पणजोबांचे किंवा आजोबांचे गिरणीचे तिकीट, भविष्य निर्वाह निधीचा कागद, चाळीची भाडेपावती किंवा जुने रेशनकार्ड असेल तर ते आधी शोधावे. मुंबईत रेशनिंग 1943 मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्या सुमाराचे कार्ड म्हणजे तुमच्यापुरती एका घराची छोटी जनगणनाच आहे. पणजोबांचा मृत्यू मुंबईत झाला असेल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, साल आणि राहण्याचा भाग सांगून, मृत्यूच्या नोंदीचा शोध घेता येतो.

साल ठरवताना छापील जनगणनेकडे पुन्हा वळावे लागते. मुंबईची लोकसंख्या 1891 मध्ये 8,21,764 होती आणि 1901 मध्ये ती 7,76,006 पर्यंत खाली आली, कारण सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत आढळलेल्या प्लेगमुळे लाखो लोक शहर सोडून गावाकडे गेले होते. 1906 मध्ये शहराची स्वतंत्र मोजणी झाली तेव्हा आकडा 9,77,822 वर गेला. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ म्हणजे माणसे परत येत होती आणि त्यांच्यासोबत नवीही येत होती. ‘पणजोबा 1905 ला आले’ ही तुमच्या घरातली आठवण या लाटेत नेमकी बसते. पण त्यामुळेच आणखी एक शक्यता तपासायला हवी : त्यांचे वडील किंवा चुलते प्लेगच्या आधीच मुंबईत असतील, साथीत गावी परतले असतील, आणि पणजोबा त्यांच्याच ओळखीने, त्यांच्याच मुकादमाच्या हाताखाली गिरणीत लागले असतील. तसे असेल तर ग्रामस्थ मंडळाच्या वहीत किंवा चाळीच्या पावतीवर एक पिढी आधीचे नाव मिळू शकते.

अनेक कुटुंबांचा शोध जात पडताळणीपासून सुरू होतो, म्हणून एवढे नमूद करतो की महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. त्या कामासाठीही वर सांगितलेलेच कागद लागतात. मात्र केवळ पडताळणीपुरता शोध घेणारी माणसे हवी ती एक ओळ मिळताच थांबतात आणि त्याच पुस्तकातली पणजीची, तिच्या दगावलेल्या मुलांची, लग्नाआधीच गेलेल्या आत्याची नोंद न वाचता परततात. पुस्तक समोर आलेच आहे तर पूर्ण वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती पुस्तके जीर्ण झाली आहेत, आणि जी पाने आज सुटी झाली आहेत ती पुढच्या वेळी तिथे असतीलच असे नाही.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. आधी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि घरातले जुने कागद, त्यासोबत लालबागच्या चाळीत आणि राजापूर भागातल्या ग्रामस्थ मंडळांत चौकशी. गाव ठरले की तहसील कार्यालयात दोन स्वतंत्र अर्ज, एक नमुना 14 साठी आणि एक फेरफारांसाठी. पहिल्या अर्जात ‘आजोबांची जन्मनोंद’ एवढेच लिहू नये, कारण त्या नोंदीत आजोबांचे नाव बहुधा नसेल आणि उत्तर ‘नोंद आढळून येत नाही’ असे येईल. गावाचे नाव, 1915 ते 1930 हा काळ, आणि पणजोबांचे नाव बाप म्हणून असलेल्या सर्व जन्मनोंदी व त्यांच्या घरातील सर्व मृत्यूनोंदी असे स्पष्ट लिहावे, आणि उताऱ्याऐवजी त्या पूर्ण पानाची छायाप्रत मागावी, म्हणजे त्याच पानावरच्या भावकीच्या नोंदीही सोबत येतील.